मुकुट घालणाऱ्याची लेक

ग्रीसच्या डोंगरातल्या आमच्या लागोवूनी गावात लग्नाच्या मुकुटाला स्तेफानी म्हणतात. पिंपाच्या लोखंडी कड्यालाही स्तेफानीच. मे महिन्यात दारावर फुलांचं कडं टांगतो तेही स्तेफानी, आणि मयताला वाहतो तेही. शाळेत नवीन आलेले मास्तर एकदा आमच्या भट्टीसमोरच्या बाकावर बसून सांगत होते की, इंग्रज लोकांत स्टीफन नावाची माणसं असतात ना, त्यांच्या नावात आपलाच मुकुट लपलेला आहे. मूळ शब्दाचा अर्थ म्हणे 'भोवतीने वेढणं'. माझ्या शेजारी असिमिना शेंगा सोलत होती. "अर्थ बरोबर आहे हो, मास्तर," ती म्हणाली आणि हसली. मास्तरही हसले. मला सगळं ठाऊक होतं, म्हणून मला हसू आलं नाही.

असिमिना म्हणजे थ्रासिवूलोस दुकानदाराची एकुलती एक लेक. मी देस्पो, भट्टीवाल्याची बायको. आमची भट्टी आणि त्यांचं दुकान यांच्यात एकच भिंत. पलीकडचं मला सगळं ऐकू यायचं, आणि जे ऐकू येत नसे ते मी जाऊन विचारत असे. नाक खुपसणं म्हणा हवं तर.

थ्रासिवूलोस मूळचा गावोगाव फिरणारा फेरीवाला. खेचरावर सुया, दोरे, आरसे, रिबिनी लादून डोंगर पालथे घालायचा. पुढे आमच्या गावची मुलगी केली आणि इथेच दुकान मांडलं. पण परक्या गावात दुकान चालायचं कसं? गावात ज्याला सोयरेधायरे नाहीत त्याच्याकडून मीठसुद्धा कोणी घेत नाही. मग त्याने युक्ती काढली. जिथे मूल जन्मेल तिथे हा बाप्तिस्म्याला धर्मबाप म्हणून उभा. जिथे लग्न ठरेल तिथे हा कुंबारोस, म्हणजे वधूवरांच्या डोक्यावर मुकुट घालून त्यांची अदलाबदल करणारा माणूस. हाक मारताना पुरुषाला कुंबारे म्हणायचं, बाईला कुंबारा; मुलाचे आईबाप धर्मबापालाही हीच हाक मारतात. मुकुट कुंबारोसने आणायचे, मेणबत्त्या त्याने आणायच्या, साखरेतले बदाम त्याने वाटायचे. लोक खूश. आणि एकदा मुकुट घातले की ते घर जन्माचं बांधलं गेलं. कुंबारोसला 'नाही' म्हणायचं नाही, आणि साबण दुसरीकडून आणायचा नाही.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. त्याला मनापासून आवडायचं ते. चर्चमध्ये मुकुट उचलायला उभा राहिला की त्याचा चेहरा असा फुलायचा, जणू लग्न त्याचंच आहे. माझ्या लग्नातही तोच कुंबारोस. 'पत्नीने पतीचा धाक बाळगावा' हे वाक्य पाद्रीबुवांनी म्हणताच मी नवऱ्याच्या पायावर पाय दिला, तेव्हा सगळ्यात मोठ्याने तोच हसला. "भट्टीवाल्या, मेलास रे तू!" तो ओरडला. पाद्रीबुवांनासुद्धा हसू आवरलं नाही.

पण या मुकुटांचा आणि तेलाचा एक कायदा आहे, आणि तो आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. एकाच माणसाने ज्यांना बाप्तिस्म्याचं तेल लावलं ती सगळी भावंडं. रक्ताची नसली म्हणून काय झालं, देवाघरी भावंडंच. त्यांची आपसात लग्नं होत नाहीत, आणि धर्मबापाच्या पोटच्या पोरांशी तर नाहीच नाही. म्हणून शहाणी माणसं एक तर फक्त मुलांना बाप्तिस्मा देतात, नाहीतर फक्त मुलींना. असिमिनाची आजी गावातली सुईण. तिने जावयाला पहिल्या वर्षीच बजावलं होतं, "थ्रासिवूला, मुलगे तरी धर नाहीतर मुली तरी. आणि तुझ्या घरात लेक आहे, तेव्हा मुलीच धर."

"सासूबाई, देवाच्या पाण्यात मी मुलगा-मुलगी करत बसू? जो आपल्या दारी आला तो आपला!"

"आपला, आपला! सगळेच आपले झाले तर लेक द्यायची कोणाला? त्या खेचराला?"

त्याने हसण्यावारी नेलं. लेक तेव्हा पाळण्यात होती. पुढे तिची आई गेली, पाठोपाठ आजी गेली, आणि बजावणारं कोणी राहिलं नाही.

असिमिना लग्नाची झाली तेव्हा आम्ही दोघी भट्टीच्या उबेला बसून गावातली पोरं मोजायचो. मी नाव घ्यायचं, तिने फुली मारायची.

"बरं, चक्कीवाल्याचा थोरला?"

"बाबांचा धर्मलेक."

"धाकटा?"

"तोही."

"मेंढ्यांवाला स्ताथिस? त्याचा बाप्तिस्मा तर त्याच्या मामाने केला."

"त्याच्या आईबापाला बाबांनी मुकुट घातले. पाद्रीबुवा म्हणतात, चालेल. त्याची आजी म्हणते, चालवलंत तर विहिरीत उडी घेईन."

"मग घेऊ दे की म्हातारीला!"

"विहीर कोणाची आहे? आमचीच. तिलाही बाबांनी पवित्र पाणी शिंपडलंय. एखादवेळी तीही माझी बहीणच लागत असेल."

आम्ही पोट धरून हसायचो. हसता हसता ती पिठात बोट फिरवत बसायची. मला कळायचं, हा खेळ आता खेळ राहिलेला नाही. गावात साठ-सत्तर उंबरे, आणि एकाही उंबऱ्यातून ती सून म्हणून आत जाऊ शकत नव्हती. सगळीकडे तिचं स्वागत व्हायचं, बहीण म्हणून. नाताळला इतक्या घरांतून गोड भाकरी यायची की कोंबड्यांना घालावी लागे.

आर्गिरिस आमच्याकडे यायला लागला तो द्राक्षांच्या हंगामात. वाइनची लाकडी पिंपं बांधायचा त्याचा धंदा. नदीपलीकडच्या डोंगरातला, बाप लहानपणीच वारलेला, घरी आई. थ्रासिवूलोसच्या तळघरातली पिंपं दुरुस्त करायला तो दर वर्षी यायचा आणि दर वर्षी त्याचं काम जरा जास्तच लांबायचं. भिंतीतून मला हातोडीचा आवाज यायचा. मग तो थांबायचा आणि बराच वेळ काहीच ऐकू यायचं नाही. मग परत घाईघाईने ठोकणं सुरू.

"कडं बसवताना फळीला विचारायचं नसतं," तो एकदा तिला म्हणाला, "पण मी तुला विचारतोय."

हे तिने मला सांगितलं तेव्हा तिचे कान लाल झाले होते. मी तिला मिठी मारली. बाहेरचा मुलगा! तेल नाही, मुकुट नाही, काही नाही! आर्गिरिस म्हणजे चांदीचा, आणि असिमिनाच्या नावातही चांदीच. गावातली पोरं चिडवायला लागली, एकाच खाणीतून निघालेत म्हणून. थ्रासिवूलोसनेही कुरकुर केली नाही. उलट हरखला. "नदीपलीकडे आपलं एकही घर नाही बघ," तो माझ्या नवऱ्याला म्हणाला, "हे पहिलं होईल."

ठरलं. आर्गिरिसची आई ग्लिकेरिया रीतसर मागणी घालायला येणार. असिमिनाने क्विन्सच्या फळाचा मुरांबा केला, बशा पुसून ठेवल्या, मला हाताशी घेतलं. ग्लिकेरिया आली. काळ्या कपड्यांतली, बारीक चणीची, देवभोळी बाई. आल्या आल्या तिने असिमिनाचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या घरात दिवा लागला," ती म्हणाली. मुरांबा झाला, पाणी झालं, कॉफी झाली. मग पुरुषांनी त्सिपुरो, म्हणजे द्राक्षांची कडक दारू घेतली, आणि थ्रासिवूलोसची जीभ सैल झाली.

"तुमच्या बाजूला मी फिरलोय हो, बाई! या पायांनी! 'सुया घ्या, अंगुस्ताने घ्या, आरशात बघून हसून घ्या!' अशी आरोळी ठोकायचो."

ग्लिकेरियाने कप खाली ठेवला.

"एका गावात तर असा बर्फ पडला की अडकलोच. एका घरी राहिलो. त्यांचं तान्हं पोर तापाने फणफणलेलं. दुसरं कोणी मिळेना, तेव्हा मीच धर्मबाप झालो. नावसुद्धा मीच ठेवलं. चांदीचं नाव मला भारी आवडायचं. आणि त्यांनी काय कोंबडा कापला म्हणता! तसा कोंबडा पुन्हा खाल्ला नाही."

"कोंबडा आमचाच होता," ग्लिकेरिया म्हणाली.

ती उठली, आनंदाने पुढे आली आणि थ्रासिवूलोसच्या हाताचं चुंबन घेतलं. "कुंबारे! माझ्या लेकराला वाचवणारे! ईस्टरला धर्मबापाची मेणबत्ती येईल म्हणून इतकी वर्षं वाट पाहिली, कुंबारे, नावही नीट ठाऊक नव्हतं आम्हाला तुमचं..." थ्रासिवूलोसही उठला, त्यानेही तिला कवटाळलं. त्याला तर जन्मभराची सवय, कोणी कुंबारे म्हटलं की मिठी मारायची. मग त्या मिठीतच दोघांना कळलं. आधी तिचे हात गळून पडले, मग त्याचे.

आर्गिरिसने असिमिनाकडे पाहिलं. असिमिना माझ्याकडे पाहत होती. मी जाऊन तिच्या हातातलं बशांचं तबक काढून घेतलं.

थ्रासिवूलोसने मग जे जे करता येईल ते केलं, हेही सांगायला हवं. पाद्रीबुवांच्या पाया पडला. "मी खोटं बोललो असं समजा, दुसराच कोणी फेरीवाला असेल!" पाद्रीबुवा म्हणाले, "थ्रासिवूला, मला फसवशील. त्या पोराच्या आईला फसवशील? आणि त्या तेलाला?" मग तो खेचरावर चीज आणि मध लादून बिशपकडे गेला आणि चीज-मधासकट परत आला. ग्लिकेरिया तर ऐकायलाच तयार नव्हती. "भावाबहिणीला मुकुट घालणार? वीज पडेल माझ्या घरावर." कचेरीत सही करून लग्न लावायची सोय आमच्या देशात तेव्हा नव्हती. ती सोय आली तेव्हा असिमिनाचे केस पांढरे झाले होते.

आर्गिरिसने निरोप पाठवला. पिरिएस बंदराला जाऊ, तिथून बोटीने ऑस्ट्रेलियाला. तिथे आपल्याला कोण ओळखतं? सकाळच्या बसने ये, मी खालच्या पुलावर चढतो.

ती निघाली. मला म्हणाली, दात दुखतोय, खाली त्रिपोली शहरात दाखवून येते. टोपलीवर फडकं झाकलेलं होतं. मी पाव बांधून दिले, नेहमीपेक्षा जास्त, आणि काही विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं नाही.

बस चालवायचा फोतिस. तो थ्रासिवूलोसचा धर्मलेक, वेगळं सांगायला नको. "असिमिना, दाताला एवढी मोठी टोपली?" म्हणाला, आणि दुकानासमोर बस थांबवून भोंगा वाजवला. "धर्मबाबा! असिमिना चाललीय, तुम्हाला ठाऊक आहे ना?"

थ्रासिवूलोस हातात कॉफीचा डाव घेऊन तसाच बाहेर आला. तो ओरडला नाही. खिडकीशी उभा राहिला आणि म्हणाला, "जा, बाळा. मी अडवत नाही. पण कोणत्या पाद्रीसमोर उभी राहशील? बिनमुकुटाची राहशील? बिनमुकुटाच्या बाईला लोक काय म्हणतात ते ठाऊक आहे ना तुला? तुझ्या पोरांना काय म्हणतील?" आणि तो रडायला लागला, भर रस्त्यात, तो डाव हातात धरून.

मग बसमधली माणसं बोलायला लागली. सगळी आपलीच. कोणाला त्याने मुकुट घातलेले, कोणाच्या पोराला तेल लावलेलं. "उतर गं बाई, बापाला मारशील का?" "धर्मबाबाची शान ती तुझी शान." "असिमिना, मी तुझी बहीण ना, ऐक माझं." तिला कोणी ओढलं नाही. सगळ्यांनी प्रेमाने हात धरले, गालावरून हात फिरवले, एकीने टोपली उचलून दिली. ओढलं असतं तर तिने झटापट केली असती. प्रेमाशी झटापट कशी करतात, ते आम्हाला कोणी शिकवलेलं नाही. ती उतरली.

पुलावर आर्गिरिसने हात केला. फोतिसने काच खाली करून "ती येत नाही" एवढंच सांगितलं. त्यानंतर आर्गिरिस आमच्या गावात पिंपं बांधायला आला नाही. थ्रासिवूलोसने दुसरा कोणी बोलावलाही नाही. तळघरातली पिंपं सुकली, फळ्या आखडल्या आणि कडी एकेक करून खाली गळून पडली. असिमिना कधी खाली गेली की त्यांना पाय लागायचा आणि तो आवाज मला भिंतीतून ऐकू यायचा.

पुढे थ्रासिवूलोसला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. दुकान असिमिना बघायला लागली. आणि मग एका वसंतात ग्लिकेरिया परत आली. आता जास्तच वाकलेली. थ्रासिवूलोसच्या खुर्चीशी बसली, पण बोलली असिमिनाशी.

"आर्गिरिसचं ठरलंय. आमच्याकडचीच मुलगी आहे. मुकुट धर्मबाबानेच घालायचे, ही रीत तुला मी काय सांगू? त्यांना हात उचलत नाही. मग त्यांच्या घरातल्या माणसाने घालायचे."

"घरात मी एकटी आहे, काकी."

"ठाऊक आहे गं." म्हातारीने मान खाली घातली. "तू नाही म्हणालीस तर मी काही बोलणार नाही. पण लोक म्हणतील, धर्मबाबाने आशीर्वाद दिला नाही. असल्या लग्नाला मूल होत नाही म्हणतात."

मी भट्टीच्या दारातून ऐकत होते. मला राहवलं नाही. "काकी, लाज नाही वाटत? दुसरं कोणी मिळत नाही तुम्हाला? हिच्याच हातून?"

"देस्पो, गप्प बस," असिमिना म्हणाली. मग ग्लिकेरियाकडे वळून, "मी येईन."

म्हातारी गेल्यावर मी असिमिनाला फाडून खाल्लं. वेड लागलंय का, दगड आहेस का, तोंडावर दार का नाही आपटलंस. ती शांतपणे काउंटर पुसत होती.

"नाही म्हटलं तर तो माझ्या मनात तसाच राहील गं, पुलावर उभा. जाते, एकदा माझ्याच हाताने मुकुट घालते, आणि सुटते. मला सुटायचंय, देस्पो. दुसरं काही नको."

मी सोबत गेले. तिला एकटीला कोण पाठवणार?

नदीपलीकडचं चर्च लहान, उदाच्या धुराने काळवंडलेलं. नवरी चांगली होती, हसरी, जरा घाबरलेली. रागावायला काही कारण सापडलं असतं तर मला बरं वाटलं असतं. असिमिना दोघांच्या मागे उभी राहिली. मेणाच्या फुलांचे ते पांढरे मुकुट, दोन्ही एकाच रिबिनीने जोडलेले. तिने हात पुढे केले आणि त्याच्या डोक्यावरचा नवरीच्या डोक्यावर, नवरीच्या डोक्यावरचा त्याच्या डोक्यावर ठेवला. एकदा. दोनदा. तिसऱ्या वेळी रिबीन त्याच्या कानाला अडकली. असिमिनाने ती बोटाने हळूच सोडवली. त्या गावात कोणाला काही दिसलं नसेल, पण मला दिसलं. आर्गिरिसने डोळे मिटून घेतले होते. तिचे मात्र उघडे होते आणि हात जराही हलला नाही.

मग रांग लागली. वधूवरांना सगळे म्हणतात, "सुखाने नांदा." आणि कुंबारोसला म्हणायचं एक वेगळं वाक्य आहे: "सदा योग्य राहा." म्हणजे असेच दुसऱ्यांना मुकुट घालत राहा. तिथली एकेक बाई येऊन तिच्या गालाचा मुका घेत होती. "सदा योग्य राहा, कुंबारा!" "सदा योग्य राहा!" नवरीच्या आईने तर हात धरून सांगून टाकलं, "पहिलं मूल तुझ्याच हातून बाप्तिस्मा घेणार हं, कुंबारा. आता तू आमच्या घरची. दर ईस्टरला, दर नाताळला यायचं. सोडणार नाही तुला." शेवटी आर्गिरिस आला. रीतीप्रमाणे त्यालाही म्हणायचंच होतं.

"सदा योग्य राहा, कुंबारा," तो म्हणाला.

इतक्या वर्षांनी तो तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द. परतताना ती गाडीत बदामांची पुरचुंडी मांडीवर धरून बसली होती. सुटायला गेली होती, आणि जन्मभर त्या घरी जायचं, त्याच्या मुलांना तेल लावायचं, त्याच्या बायकोचा मुरांबा खायचा, हे वचन देऊन आली होती. मला तेव्हा इतकं रडू येत होतं की मी खिडकीबाहेर तोंड केलं आणि फोतिसला उगाच शिव्या दिल्या, नीट चालव म्हणून.

दुकानात पोचलो. थ्रासिवूलोस खुर्चीत जागाच होता, आमची वाट बघत. असिमिनाने डोक्यावरचा रुमाल सोडला आणि त्याच्या मांडीवर साखरेतल्या बदामांची पुरचुंडी ठेवली.

"झालं?" त्याने जड जिभेने विचारलं.

"झालं, बाबा."

त्याचा चांगला असलेला अर्धा चेहरा फुलला. चर्चमध्ये मुकुट उचलताना फुलायचा, अगदी तसाच. "नवरीचंही... घर..." तो म्हणाला, "आपलं झालं."

असिमिना त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली, पुरचुंडीची गाठ सोडली आणि एक बदाम त्याच्या तोंडात भरवला.

"हो, बाबा," ती म्हणाली. "सगळी घरं आपली झाली. लेक द्यायला तेवढं एकही राहिलं नाही."